न थांबणारें पायडल

[नभोवाणीवरील भाषण]

श्रोतेहो, सायकल ही वस्तु आपल्या इतकी परिचयाची आहे कीं, तिजविषयीं नभोवाणीवरून पाव तास बोलावें असें तिच्यांत काय आहे, हा प्रश्न आपल्या मनांत येणें साहजिक आहे. आपल्यांतील कित्येकांनीं बालपणीं वडिलांच्या उंच सायकलीच्या नळ्यांमधून एक पाय पलीकडे घालून, गुडघे फोडून घेत, हें वाहन वश केलें असेल. परंतु आज मी जिच्याविषयीं बोलणार आहें, ती या ओळखीच्या सायकलीची थोरली बहीण आहे. थोरली म्हणावयाचें कारण ती वयानें अधिक. आणि पुष्कळ घरांतील थोरल्या बहिणींप्रमाणें ती शिस्तीलाही कडक आहे.

आपल्या नेहमींच्या सायकलीवर उतार लागला कीं आपण पाय स्वस्थ ठेवतों. चाकें फिरत राहतात, मागून बारीक टिकटिक ऐकूं येते, आणि आपण आजूबाजूची शोभा पाहात खालीं येतों. ही टिकटिक फ्रीव्हीलची. मागच्या चाकाच्या तुंब्यावर दांत्यांचें जें चक्र असतें, त्यांत अशी योजना केलेली असते कीं, पायडल मारलें तर चाक फिरावें, पण चाक फिरलें म्हणून पायडलानें फिरलेंच पाहिजे असें नाहीं. थोरल्या बहिणीपाशीं ही सवलत नाहीं. तिचें दांत्यांचें चक्र तुंब्यावर घट्ट बसविलेलें असतें. चाक फिरलें कीं चेन फिरते, चेन फिरली कीं पायडलें फिरतात, आणि पायडलांवर पाय असले कीं पायही फिरतात. चढ असो, उतार असो, आपण थकलेले असा किंवा ताजेतवाने असा. सायकल चालू आहे तोंपर्यंत पायांना विसांवा नाहीं. हिला 'फिक्स्ड गीअर'ची सायकल म्हणतात. सर्कशींत सायकलवाला सायकल उलट मागें नेतो तो हिच्याच बळावर. आणि शर्यतीच्या गोल धावपट्टीवर आजही हीच सायकल चालते. अशी सायकल घेऊन घाट चढण्याउतरण्याचें वेड मला गेलीं कांहीं वर्षें लागलें आहे, आणि त्या वेडानें मला जें शिकविलें तें आपणांस सांगावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम थोडा इतिहास सांगतों. पायडल असलेल्या मूळच्या बहुतेक सायकली अशाच होत्या. 1870 नंतरच्या काळांत इंग्लंडांत जी उंच चाकाची सायकल प्रचारांत आली, तिचीं पायडलें पुढच्या प्रचंड चाकालाच जोडलेलीं असत. उतारावर पायडलें इतक्या जोरानें फिरत कीं, स्वार आपले दोन्ही पाय उचलून हँडलवरून पुढें टाकीत आणि दैवावर हवाला ठेवून खालीं येत. 1885 सालीं जॉन केंप स्टार्ली यानें 'रोव्हर' नांवाची, दोन जवळजवळ सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन जोडलेली सायकल पुढें आणली. 1888 मध्यें डनलॉपनें हवेच्या धावेचें पेटंट घेतलें. आणि त्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास फ्रीव्हील सर्वत्र पसरूं लागलें. तेव्हांपासून सामान्य माणसाचे पाय मोकळे झाले.

वेग बदलणाऱ्या गीअरांचा प्रश्न मात्र एवढ्या लवकर सुटला नाहीं. फ्रान्समध्यें 1903 सालीं सुरू झालेल्या 'टूर द फ्रान्स' या शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांचें मत असें होतें कीं, यंत्राच्या क्लृप्तीनें चढ सोपा करणें हें वृद्धांनीं व अशक्तांनीं करावें. खऱ्या वीराला तें शोभत नाहीं. 1910 सालीं या शर्यतीचा मार्ग प्रथमच पिरेनीज पर्वताच्या उंच खिंडींतून नेण्यांत आला. त्यांतील तूर्मले ही खिंड 2115 मीटर उंच आहे, आणि तिजवरचा त्या वेळचा रस्ता म्हणजे दगडधोंड्यांची वाट होती. त्या वर्षाचा विजेता ऑक्ताव्ह लापीझ याला चढाचा कांहीं भाग सायकल ढकलीत पायीं चढावा लागला. त्या काळीं मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांस लहानमोठीं दांत्यांचीं चक्रें बसवीत. घाटाच्या पायथ्याशीं उतरावयाचें, चाक काढून उलटें बसवावयाचें, आणि माथ्यावर पुन्हां तोच खटाटोप करावयाचा! स्वार स्पर्धा करतात ती परस्परांशीं कीं पान्यांशीं, असें पाहणाऱ्यास वाटावें. उलट पक्षीं, त्याच फ्रान्सांत सेंत-एतियेन येथील पॉल द व्हिव्ही, जे 'व्हेलोसिओ' या नांवानें प्रसिद्ध होते, हे अनेक गीअरांचा आयुष्यभर पुरस्कार करीत राहिले. टूरमध्यें गीअर बदलण्याच्या यंत्राला मुभा मिळाली ती 1937 सालीं. वाद व्हिव्ही यांच्या बाजूनें निकालांत निघाला, आणि तो योग्य रीतीनें निघाला, असें माझें प्रांजळ मत आहे. आजच्या शर्यतीच्या सायकलीला मागें 12 व पुढें 2 अशीं चक्रें असतात. तेव्हां माझी सायकल श्रेष्ठ, असा दावा करण्यासाठीं मी येथें आलेलों नाहीं.

मग ती चालवावयाची तरी कां? याचें उत्तर देण्यापूर्वीं थोडें गणित करावें लागेल. तें सोपें आहे.

माझ्या सायकलीच्या पुढच्या चक्राला 45 दांते आहेत आणि मागच्याला 18. म्हणजे पायडलाचा एक फेरा झाला कीं मागच्या चाकाचे अडीच फेरे होतात. चाकाचा घेर सुमारें 2.1 मीटर, म्हणून पायडलाच्या एका फेऱ्यांत मी सव्वापांच मीटर पुढें जातों. सपाट रस्त्यावर ताशीं 30 किलोमीटर वेगानें जातांना पाय मिनिटाला 95 फेरे करतात. हा वेग सरावानें सुखाचा होतो. आतां घाट घ्या. ताशीं 8 किलोमीटर वेग झाला तर फेरे होतात 25. प्रत्येक फेरा म्हणजे विहिरींतून भरलेली घागर ओढण्यासारखा. माझ्या शेजारीं जो अनेक गीअरांच्या सायकलीवर आहे, तो आपल्या लहान गीअरावर त्याच वेगानें जातांना सुमारें 63 फेरे करतो. त्याची घागर लहान असते, खेपा अधिक असतात. आणि उतारावर? ताशीं 45 किलोमीटर वेग झाला कीं माझ्या पायांना मिनिटाला 143 फेरे करावे लागतात. सेकंदाला दोहोंहून अधिक. तेथें शेजारचा मनुष्य पाय न हलवितां निघून जातो.

या गणितांतून एक चमत्कारिक गोष्ट निष्पन्न होते. चढावर मला हळू जातां येत नाहीं, आणि उतारावर मला वेगानें जातां येत नाहीं. चढावर वेग कमी झाला तर पायडल वरच्या टोकाला अडकतें आणि उतरण्यावांचून गत्यंतर राहात नाहीं. म्हणून दम असेपर्यंत उभें राहून, हँडल डावीउजवीकडे ओढीत, चाक फिरतें ठेवावें लागतें. फिरत्या चाकाचा एक लहानसा उपकार मात्र होतो. पायडल अगदीं वर किंवा अगदीं खालीं असतांना पायाचा जोर लागत नाहीं, त्या क्षणीं चालतें चाकच पायाला पुढें ओढून नेतें. ही शक्ति कांहीं फुकटची नव्हे, ती आपणच आधीं चाकाला दिलेली असते. परंतु योग्य क्षणीं ती परत मिळाल्याचें समाधान निराळेंच असतें. माझी सायकल मला आवडते ती या देवघेवीसाठीं. रस्ता जरा चढूं लागला, वारा जरा फिरला, धाव थोडी मऊ पडली, तरी तें पहिल्यांदा तळपायांना कळतें. डोळ्यांना सपाट दिसणारा रस्ता सपाट नसतो, हें ज्ञान मला ती देते.

आतां प्रत्यक्ष अनुभवाकडे वळतों. पुण्याच्या भोंवतीं घाटांची कमतरता नाहीं. दर रविवारीं पहाटे आम्ही आठदहा जण निघतों. आमचा आवडता फेरा म्हणजे कोंढव्यावरून बोपदेव घाट चढून सासवड गांठावयाचें, आणि दिवे घाट उतरून हडपसरावरून परत यावयाचें. दिवे घाट म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीची वाट. आषाढी वारींत पालखीचा रथ हा घाट चढूं लागला कीं, त्याला बैलांच्या जादा जोड्या जोडतात. घाटावरून खालीं मस्तानी तलाव दिसतो. माझ्या सोबत्यांना तो दिसतो असें म्हणणें अधिक खरें. माझें लक्ष उतरतांना पायांवर व ब्रेकवर असतें.

त्या मेळ्यांत मी एकटाच या जातीच्या सायकलीवर असतों. प्रारंभीं याचा मला अभिमान वाटे, आणि तो मी लपवीत नसें. बोपदेवच्या चढाला लागलों कीं, वर सांगितलेल्या गणितामुळें मला पुढें निघून जावें लागे. लोक कौतुकानें पाहात, आणि माथ्यावर पोहोंचून, कपाळाचा घाम पुशीत, मागून येणाऱ्यांची वाट पाहाण्यांत मला एक गोड समाधान मिळे. एका रविवारीं, पावसाळा नुकताच संपला असतांना, आमच्यांत एक नवे गृहस्थ आले. वय माझ्याएवढेंच, पन्नाशी उलटलेलें; स्वभाव अबोल; सायकल चांगली, गीअरांची. घाट सुरू होतांच त्यांनीं माझ्या मागच्या चाकापाशीं आपलें चाक ठेवलें. मी त्यांना सांगावयास हवें होतें कीं, माझी चाल माझ्या मर्जीची नसून माझ्या सायकलीच्या अडचणीची आहे. आपण आपल्या चालीनें या. मीं सांगितलें नाहीं. उलट, मागें कोणी आहे या जाणिवेनें माझे पाय थोडे जोरांतच पडूं लागले. दोन वळणांनंतर मागचा श्वास ऐकूं येईनासा झाला. मीं मागें वळून पाहिलें नाहीं.

माथ्यावर मीं चहा घेतला. एकेक करून मंडळी आली, आणि त्यांच्यापैकीं एकानें सांगितलें, "ते मागें कठड्यावर बसले आहेत. घेरी आली त्यांना. दोघे जण त्यांच्यापाशीं थांबले आहेत." श्रोतेहो, त्या क्षणीं मीं काय करावयास हवें होतें हें आपणांस सांगावयास नको. सायकल फिरवून मीं खालीं जावयास हवें होतें. पण खालीं गेलों तर हाच चढ याच सायकलीवर पुन्हां चढावा लागेल, हा विचार प्रथम मनांत आला. आणि दोघे जण आहेतच तेथें, ही सबब त्याच्या पाठोपाठ आली. मी चहाचा पेला हातांत धरून तेथेंच उभा राहिलों. अर्ध्या तासानें ते गृहस्थ सायकल हातांत धरून चालत वर आले. चेहरा पांढरा पडला होता. त्यांनीं पाणी घेतलें, सर्वांना उशीर केल्याबद्दल क्षमा मागितली, आणि मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. पोटांत कांहीं न घेतां निघाल्यामुळें तसें झालें असावें, असें पुढें त्यांच्या डॉक्टरांनीं सांगितलें. पण तें मला तेव्हां ठाऊक नव्हतें.

सासवडला खाऊनपिऊन आम्ही दिवे घाटाला लागलों. येथें पारडें फिरलें. सर्व मंडळी पांचच मिनिटांत दिसेनाशी झाली. मी दोन्ही हात ब्रेकवर ठेवून, पाय गरगर फिरत असलेल्या अवस्थेंत, एकेक वळण मोजीत खालीं येत होतों. मागून मालमोटारी कर्णे वाजवीत होत्या. रस्ता ओला होता. थोड्या वेळानें माझ्या ध्यानांत आलें कीं, मागचे कर्णे कमी झाले आहेत. मान वळवून पाहतों तों ते गृहस्थ माझ्या मागें वीसेक पावलांवर, रस्त्याच्या थोडे आंतल्या बाजूनें, हळूहळू येत आहेत, आणि एक हात बाहेर काढून मोटारींना सावकाशीनें जाण्याची खूण करीत आहेत. त्यांना पाय न हलवितां केव्हांच खालीं जातां आलें असतें. साऱ्या घाटभर ते माझी पाठ राखीत आले.

पायथ्याशीं मी थांबलों आणि त्यांचे आभार मानले. सकाळच्या गोष्टीबद्दलही कांहीं बोलावें म्हणून मी माझ्या सायकलीचें तें गणित त्यांना सांगूं लागलों. चढावर मला हळू कां जातां येत नाहीं, वगैरे. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें, आणि अगदीं शांतपणें म्हणाले, "चढावर तुम्हांला हळू येतां येत नाहीं, हें मला पटलें. पण वर पोहोंचल्यावर परत खालीं यायला तुमच्या सायकलीची कांहीं आडकाठी नव्हती."

या वाक्याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आजही नाहीं. गणित खरें होतें. पण जेथें गणित संपतें तेथून माझी जबाबदारी सुरू होत होती, आणि ती मीं गणितावर ढकलली होती. तेव्हांपासून मीं एक नेम केला आहे. माथा गांठला कीं सायकल फिरवावयाची, सर्वांत शेवटीं जो असेल त्याच्यापर्यंत उतरावयाचें, आणि त्याच्याबरोबर पुन्हां चढावयाचें. त्याच्या चालीनें मला सायकल चालवितां येत नाहीं, म्हणून पुष्कळदां मी उतरून ती हातांत धरतों आणि त्याच्या शेजारून चालतों. सायकलवाल्यानें चढावर पायउतार होणें ही नामुष्की, असें मी एके काळीं समजत असें. लापीझसारखा शर्यतीचा विजेता जेथें चालला, तेथें माझ्यासारख्यानें लाजण्याचें कारण नाहीं, हें मला आतां कळलें आहे. आणि दिवे घाटांत माझी पाठ राखण्याचें काम ते गृहस्थ न सांगतां करतात. आमच्यांत त्या विषयावर पुन्हां बोलणें झालेलें नाहीं.

मेळ्याबरोबर जाण्याहून एकट्यानें जाणें निराळें. आठवड्यांतून एखाद्या पहाटे मी एकटाच जुन्या कात्रज घाटानें जातों. तेथें कोणाच्या पुढें जावयाचें नसतें, कोणाची वाट पाहावयाची नसते. फ्रीव्हीलची टिकटिक नसल्यामुळें सायकल अगदीं निःशब्द चालते. आपला श्वास आणि धावेखालची खडी एवढेंच ऐकूं येतें. पाय थांबत नाहींत, म्हणून मन थांबतें, असा माझा अनुभव आहे. परंतु हेंही सांगितलें पाहिजे कीं, एकट्याच्या फेरींत मला माझें सामर्थ्य कळलें, आणि माझें उणें मात्र मेळ्यांतच कळलें. दोहोंचीही गरज आहे.

हें ऐकून कोणा तरुण श्रोत्याला अशी सायकल घ्यावीशी वाटली, तर चार व्यवहाराच्या गोष्टी त्यानें पक्क्या ध्यानांत ठेवाव्या. पहिली ब्रेकविषयीं. धावपट्टीवरच्या अशा सायकलींना ब्रेक नसतात, म्हणून रस्त्यावरही त्यांवांचून मिरविण्याची एक फॅशन निघाली होती. पायांनीं उलटा जोर देऊन मागचें चाक आवरतां येतें हें खरें. पण थांबतांना सारें वजन पुढच्या चाकावर येतें, मागचें हलकें होतें, आणि केवळ त्याच्या भरंवशावर थांबावयास फार अंतर लागतें. 2016 सालीं लंडनमध्यें पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच एका सायकलीची धडक लागून रस्ता ओलांडणारी एक स्त्री प्राणास मुकली. इंग्लंडचा कायदा अशा सायकलीला निदान पुढचा ब्रेक हवाच असें सांगतो. घाटांत तर दोन्ही ब्रेक असावे. उतारावर वेग वाढल्यावर ब्रेक लावण्यापेक्षां तो वाढूं न देणें शहाणपणाचें.

दुसरी गोष्ट मागच्या चक्राची. तें तुंब्यावर नेहमींच्या उजव्या आट्यांनीं बसतें, आणि त्याच्यावर डाव्या आट्यांचें एक कडें असतें. आपण उलटा जोर दिला कीं चक्र सुटूं पाहातें, पण तोच जोर कड्याला अधिक आंवळतो. हें कडें नीट घट्ट आहे कीं नाहीं, हें स्वतः पाहिल्यावांचून घाटांत जाऊं नये. तिसरी गोष्ट कपड्यांची व बोटांची. ही चेन आपण पाय थांबवूं म्हटल्यानें थांबत नाहीं. धोतराचा सोगा, ओढणी, बुटाची नाडी तिच्यांत अडकली तर ती सोडीत नाहीं. आणि चाक फिरतें ठेवून चेन पुसण्याच्या नादांत बोटें गमावण्याचे प्रसंग घडतात. चौथी गोष्ट गुडघ्यांची. घाटासाठीं लहान गीअर घ्यावा, प्रारंभीं लहान चढ करावे, आणि गुडघा दुखूं लागला तर त्याचें ऐकावें.

मूळ प्रश्नाचें उत्तर अजून राहिलें. सोयीची सायकल उपलब्ध असतांना ही गैरसोयीची कां चालवावयाची? माझें उत्तर साधें आहे. सोयीच्या सायकलीवर मी पन्नाशीपर्यंत बसलों, आणि चढ दुसऱ्याला कसा वाटतो याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर कधीं आली नाहीं. या सायकलीनें मला चढावर इतरांच्या पुढें ढकललें आणि उतारावर त्यांच्या मागें ठेवलें. त्यामुळें पुढें गेलेल्याचें कर्तव्य काय आणि मागें राहिलेल्याला आधार कशाचा वाटतो, या दोन्ही गोष्टी मला एकाच सकाळीं शिकावयास मिळाल्या. येत्या रविवारीं पहाटे आमचा मेळा पुन्हां बोपदेवला निघणार आहे. आपल्यापैकीं कोणी त्या वाटेनें जात असतील आणि घाटांत एखादा प्रौढ गृहस्थ माथ्याकडून उलट खालीं येतांना त्यांना दिसला, तर तो वाट चुकला आहे असें त्यांनीं समजूं नये, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.